निवटीचे बीळ



या महिन्यात दुसराच विषय घ्यायचे ठरवले होते. पण आमच्याच स्वयंपाकघरात एक मसला उभा राहिला आणि ठरवलेला विषय बाजूला राहिला.

धाकट्या मुलाचा निकाह गेल्या हिवाळ्यात झाला. सूनबाई नांदेडकडची. मुलगा कुवेतला नोकरीवर परत गेला आणि सूनबाई आमच्याबरोबर रायगडातल्या खाडीकाठच्या या गावात राहू लागली. पापलेट, बोंबील, कोळंबी हे सारे तिने महिन्या-दोन महिन्यांत हौसेने शिकून घेतले. एके सकाळी खाडीवरची मावशी टोपलीभर जिवंत निवट्या देऊन गेली. आमच्या घरच्यांनी त्या पाणी घातलेल्या घमेल्यात ठेवल्या आणि त्या आंबा चिरायला बसल्या. तेवढ्यात दोन-तीन निवट्या उड्या मारून बाहेर आल्या. एक तर न्हाणीच्या ओल्या दगडावर चढून डोळे वटारून बसली.

सूनबाई ओरडली, “अम्मी, बेडूक!”

“बेडूक कसला? निवटी ती. आज कालवण करायचंय.”

सूनबाईने त्या दगडावरच्या प्राण्याकडे नीट पाहिले आणि हळूच विचारले, “पण अम्मी, हे पाण्यात पण राहतं आणि जमिनीवर पण चालतं. हे आपल्याला हलाल आहे का?”

प्रश्न सरळ होता, पण तो लागला वेगळ्याच ठिकाणी. आमच्या घरच्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हराम खात आलो की काय?” एवढेच त्या बोलल्या. दुपारी दस्तरखानावर कालवण आले. सूनबाईने डाळभात खाल्ला. कोणी कोणाशी बोलले नाही.

अस्रनंतर मी दोघींना ओसरीवर बोलावले. बेगमना म्हटले, “तिने विचारले यात वाईट काय? जे ताटात येते ते काय आहे हे माहीत करून घेणे हा आपल्या दीनचाच भाग आहे.” आमच्या कोकणात बहुतेक घरे शाफई. सूनबाईचे माहेर हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी मासाच खाल्ला जातो. बेडूक तर आम्हीही खात नाही आणि तेही खात नाहीत. तेव्हा सूनबाईच्या दृष्टीने सगळा मसला एकाच गोष्टीवर येऊन थांबत होता : निवटी हा मासा आहे की नाही? हलाल-हराम सांगणे आलिमांचे काम. पण पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्याने या एका प्रश्नावर साक्ष देणे मला शक्य होते.

निवटी हा मासाच आहे. तिला कल्ले आहेत, पर आहेत, पाठीचा कणा आहे आणि अंगावर अगदी बारीक खवले आहेत. बेडकाला चार पाय असतात, फुप्फुसे असतात आणि त्याच्या पिल्लाचा आधी भैकेर होतो. निवटीला पाय नाहीत. आपल्याला जे पाय वाटतात ते छातीजवळचे दोन पर. त्यांचा बुडखा जाड आणि स्नायूंचा असतो. कुबड्या घेतलेला माणूस जसा दोन्ही कुबड्या पुढे टेकून अंग ओढतो, तशी ती चिखलावर चालते. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्यामुळे ती ओल्या दगडाला चिकटून बसू शकते. उडी मारते ती शेपटीच्या जोरावर.

शास्त्रज्ञ तिला गोबी माशांच्या गोतावळ्यात ठेवतात. आपल्या खाड्यांत बाजारासाठी पकडली जाते ती मुख्यतः बोलिओफ्थॅल्मस डुस्सुमिएरी. पहिल्या शब्दात तिच्या बाहेर आलेल्या डोळ्यांचे वर्णन आहे. दुसरा शब्द डुस्सुमिए या फ्रेंच व्यापाऱ्याच्या नावावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आपल्या जहाजातून हिंदी महासागरात व्यापार करी आणि जाता-येता प्राण्यांचे नमुने गोळा करून पॅरिसच्या संग्रहालयाला देई. कांदळाच्या मुळांवर चढून बसणारे जे बोटाएवढे मासे तुम्ही पाहिले असतील, ते तिचे छोटे भाऊबंद. ते किडे आणि खेकड्यांची पिल्ले खातात. आपली बाजारातली निवटी मात्र चरणारी आहे. ओहोटीला चिखलावर जो सोनेरी-तपकिरी थर चमकतो, तो डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक शैवालाचा असतो. निवटी डोके डावीकडे-उजवीकडे हलवत, अंगण झाडावे तसा तो थर खरवडून खाते. ओहोटीनंतर चिखलावर तिच्या तोंडाच्या खुणा उमटलेल्या दिसतात.

मग ती पाण्याबाहेर जगते कशी? तोंडात आणि कल्ल्यांच्या पोकळीत ती हवा-पाणी धरून ठेवते. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही हवेतला प्राणवायू घेते. यासाठी अंग ओले राहिले पाहिजे, म्हणून ती मधूनमधून डबक्यात लोळते. डोळ्यांचेही तसेच. माशाला पापण्या नसतात. निवटी डोळाच खाली खोबणीत ओढून घेते, तो ओला होतो आणि पुन्हा वर येतो. ही डोळ्यांची उघडझाप डोळा ओला ठेवण्यासाठी, पुसण्यासाठी आणि वाचवण्यासाठी, म्हणजे आपल्या पापण्यांच्याच तीनही कामांसाठी असते, हे २०२३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले.

हे सारे ऐकून सूनबाई म्हणाली, “अब्बा, मासा असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण एकदा इमामसाहेबांना विचारा.” जुम्म्याच्या नमाजनंतर विचारले. इमामसाहेब हसून म्हणाले, “मास्तर, मासा आहे हे तुम्ही खात्रीने सांगता ना? मग मासा तो मासा.” पुढच्या खेपेला सूनबाईने स्वतः निवट्या साफ केल्या. बेगमनी तिला शिकवले : अंगाला बुळबुळ फार असते, म्हणून चुलीची राख किंवा जाडे मीठ लावून चोळायचे, मग पोट साफ करून दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. आल्या-लसणाचे वाटण, हळद, मसाला आणि आंबटाला कैरी किंवा कोकम. रस्सा फार आटवायचा नाही.

ही गोष्ट फोनवर मुलाला सांगितली तर तो म्हणाला, “अब्बा, इथे पण निवट्या आहेत!” दुसऱ्या दिवशी त्याने कुवेतच्या सुलैबिखातच्या किनाऱ्यावरून व्हिडिओ पाठवला. ओहोटीने उघडा पडलेला मैलभर चिखल आणि त्यावर तीच आपली निवटी. हा मासा आखाताच्या टोकापासून पाकिस्तानच्या किनाऱ्याने आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत राहतो. कुवेती लोक त्याला बूशलंबो म्हणतात. तिथे १९८० च्या आसपास या माशाचा बारकाईने अभ्यास झाला. दाटीने राहणारे हे मासे आपापल्या बिळाभोवती चिखलाचे बुटके बांध घालतात. वरून पाहिले तर पाच-सहा कोनांची घरे एकाला एक लागून दिसतात, जणू जमिनीचा मोजणी नकाशाच. ओहोटीतही त्या बांधांमागे थोडे पाणी अडून राहते आणि तिथे शैवाल वाढते. बांध ओलांडून शेजारी आला की पाठीवरचा पर शिडासारखा उभा करून, तोंड वासून भांडण. नांदेडची सून, कोकणचे सासर, कुवेतमधला नवरा आणि दोन्ही किनाऱ्यांवर एकच मासा! घरात त्या दिवशी बरीच हसाहशी झाली.

आता बिळाविषयी. निवट्या पकडणाऱ्यांना बीळ चांगले ठाऊक असते. मी लहानपणी खाडीवरच्या मुलांबरोबर जात असे. एका तोंडावर टाच दाबायची आणि दुसऱ्या तोंडातून कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत हात घालायचा. खालचा चिखल काळा असतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. तो वासच सांगतो की तिथे प्राणवायू नाही. भरती आली की बिळात पाणी भरते आणि त्या पाण्यातही प्राणवायू फार थोडा उरतो. अशा जागी मासा अंडी घालतो. ती अंडी जगतात कशी?

याचे उत्तर जपानच्या नागासाकी विद्यापीठातील आत्सुशी इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. १९९८ मध्ये त्यांनी मलेशियातल्या पेनांगच्या चिखलातील निवटीच्या एका मोठ्या भाऊबंदाविषयी लिहिले. हा मासा तोंडात हवा भरून घेतो, बिळात उतरतो आणि आतल्या खोलीत ती सोडतो. पुन्हा वर येतो, पुन्हा हवा नेतो. अशा फेऱ्या मारून तो बिळात हवेचा साठा करतो. नंतर २००७ मध्ये जपानमधल्या एका लहान जातीचा अभ्यास पुढे आला. या जातीत मादी अंडी घालून जाते आणि राखण बाप करतो. अंडी बिळातल्या खोलीच्या छताला चिकटवलेली असतात. खोलीत हवा असते म्हणून ती जगतात. प्रत्येक ओहोटीला बाप बाहेर येऊन हवेचे घास नेतो, कारण भरतीच्या वेळात खोलीतली हवा वापरली जाते. अंडी पिकली की तोच बाप नेमके उलटे काम करतो. रात्रीच्या भरतीला तो खोलीतली हवा घासाघासाने बाहेर काढून टाकतो. पाणी वर चढते, अंडी बुडतात आणि बुडताच फुटून पिल्ले भरतीबरोबर बाहेर पडतात. पाणी दिले नाही तर अंडी फुटत नाहीत, आणि पाणी आधी दिले तर पिल्ले गुदमरतात. ही वेळ त्या बोटाएवढ्या जिवाला कोणी शिकवली? सुब्हानल्लाह, एवढेच तोंडातून येते.

हे मी सुट्टीला आलेल्या नातीला सांगत होतो. ती म्हणाली, “नाना, आणि तेवढ्यात कोणी वरून माती टाकली तर?”

तिला कल्पना नव्हती, पण त्याच दिवसांत आमच्या घरात अगदी हाच प्रश्न चालू होता. तो इथे लिहावा की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. लिहितो, कारण खाडीकाठच्या अनेक घरांत तो असणार.

आमच्या वालिदांची खाडीला लागून थोडी जमीन आहे. दादांच्या काळात तिथे बांधाच्या आत खारा भात होत असे. पुढे बांध फुटला. दुरुस्तीला माणसे मिळेनात, मुले मुंबईला आणि आखातात गेली. खारे पाणी आत आले. आधी शेत मेले, मग तिवरे उगवली, मग चिवळ्या-खेकडे आले आणि त्यांच्यामागून निवट्या आल्या. सातबाऱ्यावर आजही भात आहे. प्रत्यक्षात तिथे कांदळवन आहे आणि ज्या मावशीने आमच्याकडे टोपली आणली, तिच्यासारख्या चार-पाच बायांचा त्यावर चुलीचा खर्च चालतो.

गेल्या वर्षी एक दलाल आला. भाव चांगला होता. त्याची अट एकच : आधी तुम्ही भरतीचे पाणी यायची वाट डेब्रिज टाकून बुजवा. “तिवरं आपोआप सुकतील मास्तर. सुकली की मग प्रश्नच नाही.” आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. दोघे भाऊ तयार होते. बहिणीच्या मुलीचे लग्न तोंडावर आहे आणि वालिदांच्या जमिनीत तिचा शरई हिस्सा आजवर कोणी मोजून दिलेला नाही. ती म्हणाली, “भाई, तू मासे मोजत बस. माझ्या मुलीचं काय?” याला उत्तर देणे मला जमले नाही. खरे सांगायचे तर कागदावर सही करायला मीही पेन हातात घेतला होता.

नातीच्या प्रश्नाने मी थांबलो, आणि मग जे आधी करायला हवे होते ते केले : माहिती काढली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या निकालात सांगितले आहे की कांदळवन तोडता येत नाही आणि त्याच्या चारही बाजूंना ५० मीटरपर्यंत बांधकाम किंवा भराव करता येत नाही. जमीन खासगी असली तरी हेच लागू आहे. पाणी अडवून तिवरे सुकवणे हाही नाशच. म्हणजे दलाल आम्हाला पैसे देऊन गुन्हा आमच्या नावावर ठेवणार होता. भाव चांगला का होता ते तेव्हा कळले.

पाण्याची वाट बंद केली की काय होते याचे एक मोठे उदाहरण जपानमध्येच आहे. तिथल्या आरिआके समुद्रात निवटीची सख्खी बहीण राहते, मुत्सुगोरो तिचे नाव, आणि तिथेही ती आवडीने खातात. १९९७ च्या एप्रिलमध्ये त्याच समुद्रातल्या इसाहाया उपसागरात शेतजमीन मिळवण्यासाठी सात किलोमीटरचा बांध घालून सुमारे ३०० पोलादी पाट्या एकामागून एक खाली सोडल्या गेल्या. काही मिनिटांत भरती बंद झाली. आतला चिखल वाळून भेगाळला आणि मुत्सुगोरो व शिंपले तिथेच मेले. पुढे मच्छीमारांनी बांधाबाहेरच्या समुद्रातलीही मासळी बिघडल्याची तक्रार केली. दारे उघडावीत म्हणून मच्छीमार कोर्टात गेले, उघडू नयेत म्हणून आतले शेतकरी गेले. एका न्यायालयाने उघडा म्हटले, दुसऱ्याने नको म्हटले. पंचवीसहून अधिक वर्षांनी, २०२३ मध्ये दारे बंदच राहतील असे ठरले. दोन्हीकडे कष्टकरी माणसेच होती. त्या पाट्या खाली यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात परत फिरायची वाटही बंद झाली होती.

मग आमच्या घरी काय ठरले? तिघे भाऊ मगरिबनंतर बसलो. भाव बाजूला ठेवून आधी बहिणीचा हिस्सा काढला. जमीन आता शेतीच्या कामाची नाही, तरी आम्ही तिची किंमत आमच्या बांधाआतल्या चांगल्या शेताच्या दराने धरली. तिच्या हिश्श्याची रक्कम तिघांनी मिळून द्यायची, मुलीच्या लग्नाआधी अर्धी आणि उरलेली वर्षभरात. मधल्या भावाची मुले अजून शिकताहेत, म्हणून त्याचा भार काहीसा मी घेतला. तो अजून नाराज आहे. दलालाला नाही म्हटले याचे त्याला दुःख आहे आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. त्याला पैशांची गरज आहे. पण जे पाणी अल्लाहने दिवसातून दोनदा आमच्या दारात पाठवले आहे, ते माझ्या सहीने बंद व्हावे हे मला झेपणार नव्हते. बहिणीचे देणे आम्ही इतकी वर्षे का थांबवले, याचे उत्तर मात्र अजूनही माझ्यापाशी नाही.

आता घरातील कामाच्या दोन-चार गोष्टी. निवटी जिवंत, उड्या मारणारी घ्यावी. मेलेली लवकर खराब होते. कुठल्या खाडीची आहे हे विकणाऱ्या मावशीला नक्की विचारावे. निवटी गाळातच राहते आणि गाळावरचेच खरवडून खाते. त्यामुळे कारखान्यांच्या सांडपाण्यातून जे गाळात बसते, ते तिच्या अंगात उतरते. जिथे खाडीला रसायनांचा वास येतो, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो, तिथली निवटी घरात आणू नये. लहान मुलांना आणि गरोदर भगिनींना तर मुळीच देऊ नये. सगळ्यात लहान निवट्या आल्या तर घेऊ नयेत. मावशीला तसे सांगितले की ती पुढच्या वेळी सोडून देते, हा आमचा अनुभव आहे.

आणि मुलांना एकदा ओहोटीला बांधावर घेऊन जा. उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वात लांब मागे जाते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. चिखलात उतरू नका, बांधावरच बसा आणि दहा मिनिटे अजिबात हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक-एक बिळातून डोळ्यांच्या जोड्या वर येतात.

गेल्या रविवारी आम्ही सगळे गेलो होतो. सूनबाईने व्हिडिओ काढून कुवेतला पाठवला. बेगम शेजारी बसून तिला दाखवत होत्या, “ती बघ, तिथे. नाही गं, डावीकडे.” माझी बहीणही आली होती. बराच वेळ ती गप्पच होती. मग म्हणाली, “बाबा मला इथेच घेऊन यायचे, आठवतं का तुला?” मला आठवत होते.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, ज्या तिवरांची गोष्ट आज निघाली त्यांच्याविषयी. तुमच्या गावाकडे निवटीला दुसरे काही नाव असेल, कालवणाची वेगळी पद्धत असेल तर जरूर कळवा. खुदा हाफिज.